होडीच्या ट्रॉलीचं डावं चाक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चाकात ग्रीस भरणं. शनिवार होता. मे महिना सरत आला होता, सकाळी आठलाच टिनाचं शेड तापायला लागलं होतं. बायको पाटावर बसली होती. समोर जुनी परात, परातीत फडकं, फडक्यावर डिझेलनं धुतलेली चार बेअरिंगं पालथी ठेवलेली. डाव्या तळहातावर लिंबाएवढा ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि उजव्या हातानं बेअरिंग त्या गोळ्यावर दाबत दाबत फिरवायचं. ग्रीस खालून आत शिरतं आणि रोळांच्या, म्हणजे आतल्या छोट्या लाटण्यांच्या, मधून शेवयांसारखं वर येतं. वर आलं म्हणजे भरलं. नुसतं बोटानं वरून चोपडलं तर दिसायला भरलेलं दिसतं, आत कोरडंच असतं.

"झालं असन आता," मी म्हणालो.

"नाई झालं. वरून आलं नाई अजून."

"तू काय पापड लाटून राहिली काय? साहेब उद्या सकाळी येऊन राहिले."

"येऊ द्या. साहेबाले चा पाजीन मी. चाकाले काय पाजता?"

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट मी गल्लीत तोंडानं सांगितली ती जशी सुचेल तशी सांगितली, मागचं पुढं झालं. म्हणून एकदा सरळ लिहून ठेवतो.

मी अमरावतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचो. पाण्याचे टँकर, ऊस वाहायच्या गाड्या, सगळं केलं. गुडघे गेले तेव्हा रोडवरचं वर्कशॉप सोडलं आणि घराच्या बाजूला शेड टाकून वेल्डिंगचं मशीन तिथं आणलं. बायको पहिल्यापासून कामाला सोबत होती. मजूर पळून गेला की ती पत्रा धरायची, रंग मारायची, बेअरिंग भरायची. बेअरिंग भरायला तिला मी शिकवलं नाही. एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं पाहून ती शिकली आणि माझ्यापेक्षा चांगलं भरायला लागली. हे मी तिला कधी म्हटलं नाही.

होडी आमच्याकडे आली ती अकोल्याच्या एका साहेबांमुळे. जन्माचे अकोल्याचे, नोकरी सगळी नेव्हीत झाली, रिटायर होऊन जठारपेठेत घर बांधून राहिले. मुंबईहून त्यांनी एक जुनी शिडाची होडी विकत आणली. लहानशी, पांढरी, चार माणसं बसतील एवढी, मधोमध खांब उभा करून शीड लावायचं. मोर्शीकडच्या धरणावर न्यायची त्यांनी परवानगी काढली होती. होडीसोबत एक ट्रॉली आली होती, जीपच्या मागं ओढायची. पण ती दुसऱ्याच कुठल्या होडीसाठी बनवलेली. या होडीचं पोट तिच्यावर बसत नव्हतं, डुगडुगत होतं. कोणी तरी माझं नाव सांगितलं आणि साहेब ते सगळं लटांबर घेऊन आमच्या गल्लीत आले.

गल्लीला तमाशाच झाला. समोरचा पानठेलेवाला म्हणाला, "मिस्त्री, एवढा पूर येऊन राहिला काय औंदा?" एकानं विचारलं, समुद्र कोणच्या डेपोतून सुटते. साहेब हसले. ते रागवायचे नाहीत कधी. तोच त्यांचा गुण पुढे मला जड गेला.

होडीच्या पोटाखाली दोन लांब लाकडी फळ्या असतात, त्यांच्यावर तिचा सगळा भार. त्या मी वाकवून, कापून, पोटाच्या उतारानं बसवल्या. लाकूड होडीला घासू नये म्हणून बायकोनं जुनी सतरंजी घडी करून त्यांच्यावर ताणून ठोकली. पितळेच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, वापरल्या, लोखंडाच्या पाण्यात गंजतात हे तिनंच म्हटलं. मग होडी चढवली. मी पुढची दांडी उचलून पाहिली तर एका बोटावर उचलली गेली. मला लय आनंद झाला.

"पाहा साहेब, लेकरू ओढून नेईन अशी हलकी केली."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "उलार हाये."

साहेबांना समजलं नाही. बैलगाडीत भार मागं जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उठतं आणि बैलांच्या मानेला ओढ लागते. तिचा बाप शेंदूरजनाघाटच्या बागांमधून बाजारात संत्री वाहायचा, भाड्याच्या गाडीवर. लहानपणी ती त्या गाडीत बसून पेट्या पुढं-मागं सरकवायची. तिला हे दिसत होतं. मला दिसलं नाही, कारण मी माझ्या बोटाकडे पाहत होतो.

मी म्हणालो, "तू चा ठेव जाऊन. बैलगाडी नोहे ते."

ती चहा ठेवायला गेली. साहेब चहा पिऊन निघाले आणि तासाभरानं परत आले, तोंड उतरलेलं. मोर्शी रोडला जीप जराशी पळवली की मागची ट्रॉली कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायला लागली, जीपसुद्धा सोबत हलवायला लागली. होडी उतरवली, चाकांचा आस बोल्ट सैल करून चार बोटं मागं सरकवला, पुन्हा होडी चढवली. आता दांडी उचलायला भरल्या घागरीएवढा जोर लागत होता. साहेबांनी फिरवून आणली. सरळ चालली.

"मिस्त्री, बरोबर ओळखलंत तुम्ही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, चाळीस वर्षं झाले ट्रॉल्या बनवून राहिलो."

ती तिथंच उभी होती, सतरंजीचे उरलेले तुकडे गोळा करत. साहेब गेल्यावर एवढंच म्हणाली, "बैलानं सांगतलं असतं त ऐकलं असतं तुमी." आणि हसली. तेव्हा ती हसली म्हणून मी ते विसरून गेलो.

पुढे दोन वर्षं साहेबांचा रिवाज असा झाला की धरणावरून परत येताना होडी आमच्या अंगणात सोडायची आणि आपण जीपनं अकोल्याला जायचं. पुढच्या वेळेपर्यंत आम्ही चाकं उघडून साफ करून ठेवायचो. होडीच्या ट्रॉलीचं तेच मोठं दुखणं. ती होडी पाण्यात सोडायला चाकापर्यंत पाण्यात उतरवावी लागते. पळून आलेलं चाक गरम असतं. गरम चाक थंड पाण्यात गेलं की ते पाणी आत ओढून घेतं, आणि पाणी ग्रीसची वाट लावतं. म्हणून साहेब धरणावर पोहोचले की आधी एक चहा प्यायचे, चाकाला हात लावून पाहायचे, मग उतरवायचे. तरी थोडं पाणी जायचंच. उघडलं की ग्रीस पांढरट झालेलं दिसायचं, खवा आंबल्यासारखं. बायको ते बोटानं पुसून मला दाखवायची, "पाहा, आंघोळ करून आलं."

साहेबांजवळ एक इंग्रजी पुस्तक होतं त्या ट्रॉलीचं. त्यातलं वाचून ते मला सांगायचे. चाक बसवताना नट कसायचा, चाक फिरवायचं, मग नट पाव फेरा मागं घ्यायचा आणि मग आडवी पिन घालायची. बेअरिंगला जराशी मोकळीक पाहिजे. मला ते पटायचं नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली बैलाच्या चालीनं चालते, तिचं चाक मी जन्मभर गच्च कसत आलो, आणि माझं एकही चाक रस्त्यात पडलं नाही. पण साहेबांसमोर मान डोलवायचो आणि दोन वर्षं त्यांच्या म्हणण्याप्रमाणं केलं, कारण नट कसताना ते बाजूला उभे असायचे.

त्या शनिवारी ते नव्हते. पावसाळ्याआधी होडी अकोल्याला घरी नेऊन झाकून ठेवायची होती, रविवारी न्यायला येणार होते. आम्ही दोघंच होतो.

डावं चाक आधी केलं. तिनं भरलेली बेअरिंगं मी बसवली, नट चढवला आणि पाना घेऊन कसला. चांगला कसला. तिनं पाटावरूनच हात लांब करून चाक फिरवलं. एक फेरा कसाबसा झाला आणि थांबलं.

"जड ओढून राहिलं," ती म्हणाली.

"नवं ग्रीस हाये. ओढनच."

"ग्रीसचं नोहे हे. जातं असंच ओढते." आमच्या घरी अजून जातं आहे, तुरीची डाळ ती त्यावरच भरडायची. "खुंट्याले चिंधी गुंडाळून वरची तळी उचलली नाई त जातं जड ओढते आनं पीठ हाताले चटका देते. साहेबानं काय सांगतलं होतं तुमाले? पाव फेरा मागं घ्या."

"साहेब पुस्तक वाचते. मी चाकं बनवतो."

"घेतला मागं त काय बिघडते?"

"तू जात्याची गोष्ट जात्यापाशी कर. मले नको शिकवू."

मी पिन ठोकली, तिची टोकं वळवली आणि नटावर पत्र्याची टोपी बसवली.  मग उजवं चाक. तेही तसंच कसलं. नवी पिन शेडमध्ये सापडेना म्हणून मी घरात पाहायला गेलो, पाणी पिलो, दोन मिनिटं पंख्याखाली उभा राहिलो. परत आलो तर पिन तिनंच कुठून तरी शोधून घातली होती, टोपीही बसवली होती, आणि ती फडक्याला हात पुसत होती. पाना मी चाकाच्या डाव्या बाजूला ठेवला होता, तो आता उजव्या बाजूला होता.

मी चाकाला हात मारला. ते फिरलं आणि फिरत राहिलं.

मला समजलं. आंधळ्यालाही समजलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं, ती परात उचलून निघाली होती. तेव्हा डाव्या चाकाची टोपी काढून, पिन काढून, नट पाव फेरा मागं घ्यायला मला पाच मिनिटं लागली असती. पण ती अंगणातच होती, तिनं पाहिलं असतं. तेवढ्यासाठी मी ते केलं नाही. दुसरं कोणतंही कारण नव्हतं. मी मागाहून बरीच शोधली.

रविवारी सकाळी साहेब आले, जीप जोडली. बायकोनं त्यांना चहा दिला. त्यांनी तिला विचारलं, "बाई, चाकं ठीक आहेत ना?" ते तिलाच विचारायचे. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मिस्त्रीले इचारा." मी म्हणालो, एकदम ठीक. ती आत गेली.

दुपारी बाराच्या सुमारास फोन आला. मला ऐकायला कमी येतं म्हणून माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो. ती समोरच बसून सुपात तांदूळ निवडत होती.

"मिस्त्री, मूर्तिजापूरच्या अलीकडं डावं चाक निघून गेलं."

"निघून गेलं म्हंजे?"

"निघून शेतात गेलं. ट्रॉली एका बाजूला बसली, होडी रस्त्यावर घसरली. बाजू फाटली, खांब वाकला. मागं एक मोटरसायकलवाला होता, नवरा-बायको अन् एक लहान लेकरू. थोडक्यात वाचले."

मी विचारलं, "चाकाचं आतलं पाह्यलं काय?"

"पाहिलं. निळं पडलंय सगळं, बेअरिंग जळून तुकडे झालेत. हे कसं काय झालं?"

मला विचार करायला वेळ लागला असता तर मी कदाचित खरं बोललो असतो. वेळ लागला नाही. जसं काही ते वाक्य तोंडातच होतं.

"ग्रीस कमी पडलं असन साहेब. बुढीनं भरलं होतं. आता हात चालत नाई तिचा पहिल्यासारखा."

साहेब म्हणाले, "असू द्या. त्यांना काही बोलू नका. वय झालंय."

"हो साहेब," मी म्हणालो.

फोन ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सुपातले दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले, सूप हलवलं, पुन्हा वेचायला लागली. मी म्हणालो, "सायबाले काई तरी सांगा लागते न." ती म्हणाली, "हो."

एवढंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला ती काही कमी नव्हती, जन्मभर माझ्याशी बरोबरीनं भांडली. त्या दिवशी भांडली नाही. संध्याकाळी भाकरी केली, वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तिचं ग्रीसचं फडकं दोरीवर वाळत होतं. ते फडकं तिनं कधी धुतलं नव्हतं. ग्रीसचं फडकं कोणी धूत नाही, धुऊन काही फायदाच नसतो. सोडा टाकून, उकळून तिनं ते धुतलं होतं, तरी काळंच होतं. वाळल्यावर घडी करून तिनं शेडमध्ये माझ्या पान्यांच्या पेटीवर आणून ठेवलं आणि नंतर ती शेडमध्ये आली नाही.

त्या फडक्याचा अर्थ मला त्याच घडीला समजला होता. मी पेटी उघडली, काम केलं, पेटी बंद केली, फडकं पुन्हा वर ठेवलं.

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस धड आणि गुरुवारची सकाळ. मी रोज ठरवायचो की आज साहेबांना फोन लावतो, तिच्यासमोर लावतो. रोज काही ना काही असायचं. बुधवारी तर फोन हातात घेतला होता, तेवढ्यात ती म्हणाली, "भाजी काय आनता?" आणि मी फोन खिशात घालून भाजी आणायला गेलो. वांगी आणली.

गुरुवारी सकाळी ती नळाच्या टाक्याजवळ बसली ती उठेना. घाम आला होता, डावा हात धरून बसली होती. शेजारच्यांनी ऑटो आणला. ऑटोत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मला वाटलं आता सांगावं. मी म्हणालो, "अवं, ते चाकाचं..." ती म्हणाली, "घराले कडी लावली काय?" मी म्हणालो, लावली. लावली नव्हती. दवाखान्याच्या पायऱ्या यायच्या आधीच ती गेली.

जलदान विधीला अंगणात मंडप टाकला. ट्रॉली उभी राहायची तिथंच. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. आमच्यात रीत आहे, विधी झाला की ज्याला बोलायचं तो उभा राहून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. शेजारीण बोलली, महिला मंडळातली एक बोलली. मग मागून साहेब उभे राहिले. अकोल्याहून मुद्दाम आले होते, स्वतःचं एवढं नुकसान होऊनसुद्धा.

ते म्हणाले, "या बाईंच्या हातासारखा हात मी नेव्हीतही पाहिला नाही. शेवटी एकदा त्यांच्याकडून ग्रीस कमी पडलं, माझी गाडी रस्त्यात बसली. माणूस आहे, वय झालं होतं. मला त्यांना भेटून सांगायचं होतं की माझ्या मनात काही नाही. ते राहून गेलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं असेल तर मला माफ करावं."

लोकांनी माना हलवल्या. पानठेलेवाला डोळे पुसत होता. चांगला माणूस आहे असं बायका आपसात बोलल्या. मग कोणी तरी म्हणालं, "मिस्त्री, तुमी बोला." मी उभा राहिलो. समोर तिचा फोटो, फोटोपुढं मेणबत्ती. मी म्हणालो, "सगळे आले, बरं वाटलं," आणि खाली बसलो.

माझी मुलगी बाजूला बसली होती. एकच लेक आहे, अकोल्यात डाबकी रोडला दिली. तिनं हळूच विचारलं, "आईनं काय केलतं बाबा? कोनच्या गाडीचं?"

मी म्हणालो, "मंग सांगतो."

तिला दुसऱ्या दिवशी सासरी जायचं होतं. सकाळी सहाला मी उठून पिशवी भरली. पाना, पक्कड, हातोडी, दोन नव्या पिना, ग्रीसचा डबा. वर ते धुतलेलं फडकं. मुलगी म्हणाली, "मले पोचवाले एवढं सामान?" मी म्हणालो, "साहेबाकडे जाचं हाये, तू बी चाल." बसमध्ये तिनं दोनदा विचारलं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी खिडकीतून रस्त्याच्या कडेला पाहत होतो. डांबरावर लांब ओरखडा दिसेल असं वाटलं, दिसला नाही.

जठारपेठेत साहेब बनियनवर झाडांना पाणी घालत होते. होडी अंगणात ताडपत्रीखाली होती, ट्रॉली डाव्या बाजूनं विटांवर टेकवलेली. मी म्हणालो, "साहेब, उजवं चाक उघडाचं हाये. आनं ते जळकं असन त आना." ते म्हणाले, कालच विधी झाला, आज कशाला काम काढता. मी खाली बसलोसुद्धा होतो.

जॅक लावला. टोपी काढली, पिन काढली. नट हातानं फिरला. चाक ओढून आतलं बेअरिंग काढलं. ग्रीस जसं भरलं तसंच होतं, लाल, रोळांच्या मधून वर आलेलं. फडक्यानं एक रोळ पुसला, तो आरशासारखा होता. साहेबांनी डब्यातून जळकं आणलं. निळं-काळं, पिंजरा फाटलेला, रोळ चपटे झालेले. दोन्ही फडक्यावर शेजारी शेजारी ठेवली.

"हे दोनी तिनंच भरले, साहेब. एकाच दिवशी, एकाच डब्यातून. ग्रीस कमी पडलं असतं त दोनी जळाले असते."

साहेब खाली वाकले. "मग हे कशानं?"

"नट मी कसला. गच्च. तिनं म्हटलं होतं मागं घ्या, मी घेतला नाई. मी पानी प्याले गेलो तवा ह्या बाजूचा तिनं घेतला मागं. मले समजलं होतं. तरी मी दुसरा तसाच ठेवला."

"मग फोनवर तुम्ही..."

"खोटं बोललो."

मुलगी ओट्यावर बसली होती. ती उठली. "आई कुठी होती तवा?"

"समोरच. तांदूळ निवडत होती."

"तिनं ऐकलं?"

"हो."

"आनं काल? काल एवढे लोक बसले होते बाबा."

"काल बी नाई बोललो."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, नट जास्त कसला गेला असं सांगितलं असतं तर मी काय म्हणणार होतो तुम्हाला?"

"काई नाई म्हटलं असतं. माहीत हाये मले."

ते आत गेले, बराच वेळ आले नाहीत. मी उजव्या चाकाचं बेअरिंग पुसून घेतलं. उघडलंच होतं तर नवीन भरून बसवणं आलं. मुलीला लहानपणी आईनं शिकवलं होतं, तिचा हात बसलेला आहे. मी डबा पुढं केला. "भरतं काय?"

"तुमीच भरा," ती म्हणाली. "पाह्यतो मी."

मी तळहातावर गोळा घेतला. माझी बोटं वेल्डिंगनं वाकडी झालेली, बेअरिंग दाबलं की गोळा घसरून मनगटाकडे यायचा. तो पुन्हा गोळा करायचा, पुन्हा दाबायचं. घाम नाकावरून हातावर पडत होता. थोड्या वेळानं मी ते ठेवायला गेलो तर मुलगी उभ्यानंच म्हणाली, "वरून नाई आलं अजून."

मी पुन्हा घेतलं. वर येईपर्यंत दाबलं. त्या चाकाचं दुसरं बेअरिंगही तसंच भरलं. चाक चढवलं, नट कसला, पाव फेरा मागं घेतला, पिन घातली. चाक फिरवून पाहिलं आणि थांबेपर्यंत थांबलो.

साहेब शर्ट घालून बाहेर आले होते. डाव्या बाजूचं काम मी पावसाळ्यात येऊन करून देतो असं त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी जळकं बेअरिंग मागितलं. त्यांनी दिलं. ते फडक्यात बांधून पिशवीत घातलं. मुलीनं फाटकापर्यंत येऊन विचारलं, "जेवाले येता काय घरी?" तिनं विचारलं ते रीत म्हणून विचारलं. मी म्हणालो, बस पाहतो.

अमरावतीला पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. पानठेल्यावर चौघं-पाचजण बसले होते, काल मंडपात होते तेच. त्यांनी मला बसायला जागा करून दिली. मी बसलो नाही. फडक्याची गाठ सोडून ते बेअरिंग ठेल्याच्या फळीवर ठेवलं.